फाडलेली पानं आधी परत चिकटवा

तुमचं पत्र थोडक्यात असं: मुलगा अकरावी सायन्सला, राहायला डोंबिवली. दर रविवारी वही घेऊन काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जातो. तिथल्या, घारापुरीहून आणलेल्या ब्रह्मदेवाच्या मूर्तीचीच त्याने सहा पानं भरली, एकही चित्र ‘पूर्ण’ नाही. म्हणून तुम्ही ‘खराब’ पानं फाडलीत आणि फोटोवरून शेडिंग शिकवणारा क्लास लावलात. विचारताय, एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्था) प्रवेश परीक्षेत निभावेल का?

निभावेल की नाही ते नंतर. मला काळजी वाटते ती रविवारी रात्री घरात होणाऱ्या तपासणीची. वही कुणीतरी तपासणार हे कळलं की मुलगा सोपी मूर्ती निवडतो, रेघ दाबून काढतो आणि खोडरबर हातातून सोडत नाही. सरावाच्या वहीत चुका दिसायलाच हव्यात. मागच्या पानावर डोकं मोठं झालंय हे दिसलं, तरच पुढच्या पानावर तो आधी डोक्याच्या मापाने धड मोजेल. तुम्ही फाडलीत ती नेमकी हीच पानं. आणि एकच मूर्ती सहा वेळा का, तर त्या ब्रह्मदेवाची समोरून तीन मुखं दिसतात. दोन पावलं बाजूला सरकलं की एक मुख झाकलं जातं, दुसरं पाऊण दिसायला लागतं. म्हणजे ती सहा वेगळी चित्रं आहेत.

आता तुमचा मोठा गैरसमज. ‘फोटोवरून केलेलं गुळगुळीत चित्र म्हणजे तयारी, संग्रहालयातलं अर्धवट रेखाटन म्हणजे टाइमपास.’ उलट आहे. फोटोत कॅमेऱ्याने सगळे निर्णय आधीच घेतलेले असतात: कुठून पाहायचं, काय वगळायचं, सावली कुठे संपते. मुलाच्या हाती उरते ती नक्कल. मूर्ती चौथऱ्यावर असते, बघणाऱ्याची नजर तिच्या मांडीशी येते, त्यामुळे हनुवटीची खालची बाजू दिसते. फोटोवर हात बसलेली मुलं तरीही सवयीने समोरून दिसणारा चेहरा काढतात आणि मान मोडल्यासारखी दिसते. बीएफएच्या (चित्रकलेच्या पदवीच्या) सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, वस्तुचित्र समोरची मांडणी पाहून काढायचं असतं आणि स्मरणचित्राला समोर काहीच नसतं. फोटो दोन्हीकडे नाही.

त्याला एवढं सांगा. मूर्तीच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट अंतरावर उभं राहायचं. जवळ गेलं की पाय मोठे, डोकं लहान होतं. आधी दोन-दोन मिनिटांची पाच रेखाटनं, नुसता तोल आणि कल. मग एकच, वीस मिनिटांचं. पानावर नजरेच्या पातळीची रेघ पहिली. ए-फाइव्ह आकाराची पुठ्ठ्याची वही आणि टूबी पेन्सिल पुरे. कोळसा, शाई, जलरंग घरीच. कोळशाची भुकटी उडते आणि सांडलेली शाई दगडात मुरते. पेन्सिलीला टोकही घरूनच करून न्यायचं. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल तर गडद शर्ट घालून तिरकं उभं राहायचं. चौथऱ्याला टेकायचं नाही. घडीचं स्टूल न्यायचं असेल तर आधी विचारून. मधूनमधून भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही जाऊ दे. तिथे बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, त्यावर काच नाही आणि सावली उन्हाबरोबर फिरते.

एनआयडीची परीक्षा आणि युसीड (आयआयटींमधल्या डिझाइन पदवीची प्रवेश परीक्षा) कुठल्याही शाखेतून देता येतात. आर्किटेक्चरची दारं उघडी ठेवायची तर गणित सोडू नका.

पण मला तो डिझाइनचा उमेदवार वाटतच नाही. तुम्हीच लिहिलंय की तो चित्राशेजारी पाटीवरचा मजकूर, दगडाची जात आणि कुठे तुटलंय ते लिहून ठेवतो, आणि तुम्हाला ते ‘फालतू’ वाटतं. खापराचं चित्र अर्ध्या बाजूला बाहेरचं रूप, अर्ध्या बाजूला जाडी दाखवणारा छेद असं, मापात काढणारी माणसं उत्खननाला लागतात. पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आहे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र आहे. जागा मोजक्या, पगार सुरुवातीला बेताचा. आयटीशी तुलना करणार असाल तर आत्ताच थांबा. बारावीपर्यंत हा निर्णय घ्यायची घाई नाही.

क्लासवाल्यांना मात्र याच आठवड्यात विचारा, समोर वस्तू ठेवून काढायला लावता का. ‘नाही’ म्हणाले तर उरलेली फी परत मागा.