पुरस्कार देण्याआधी

प्रश्न : मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांना दरवर्षी पुरस्कार द्यायचं आमच्या संस्थेनं ठरवलं आहे. मानकऱ्यांना न कळवता नाव थेट जाहीर करून सुखद धक्का द्यावा, असं काहींना वाटतं. चालेल का?

उत्तर : अजिबात नको. कुणावर खटला चालू असतो, कुणी जामिनाच्या अटींवर बाहेर असतं, कुणाच्या घरच्यांना धमक्या येत असतात. अशा माणसाचं नाव अचानक झळकलं तर जे काही होईल ते त्यालाच निस्तरावं लागतं, संयोजकांना नाही. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशातल्या पर्यावरण कार्यकर्त्या बेर्ता कासेरेस यांना २०१५मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. मार्च २०१६मध्ये त्यांच्या घरात घुसून त्यांची हत्या झाली. जगभर नाव झालं की हात लावायला कुणी धजत नाही, हा समज नेहमी खरा ठरत नाही.

म्हणून समितीत नाव पक्कं होताच खासगीत संपर्क साधा, लेखी संमती घ्या आणि विचार करायला आठवडाभर तरी द्या. विचारायचं ते नेमकं विचारा : नाव कसं छापायचं, राहण्याचं ठिकाण लिहायचं का, रक्कम कुणाच्या खात्यात जमा करायची, बाहेरून आलेला पैसा त्यांच्याकडच्या कायद्यात अडचणीचा ठरेल का. फोटोबद्दल वेगळं विचारा. मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांनी संमती दिलेली नसते, आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये बऱ्याचदा ठिकाणाची नोंद असते. ती आधी पुसावी लागते. नकार आला तर तो गुपचूप स्वीकारा. ‘अमुक यांनी आमचा पुरस्कार नाकारला’ ही बातमीही त्यांना गोत्यात आणू शकते.

प्रश्न : अर्ज मागवावेत की समितीनंच नावं शोधावीत?

उत्तर : नुसते अर्ज मागवले की उत्तम अर्ज लिहिणारे पुढे येतात आणि उत्तम काम करणारे मागे राहतात. समितीनं स्वतः शोधायचं म्हटलं तर ओळखीतलीच पाच-सहा नावं फिरत राहतात. त्यातल्या त्यात बरी वाट म्हणजे दुसऱ्यानं केलेली शिफारस : एक-दोन पानांची, तोंडीसुद्धा चालेल, कुठल्याही भाषेत. समिती पाच किंवा सात जणांची ठेवा. त्यातले निदान दोघं त्या क्षेत्रात प्रत्यक्ष वावरलेले असावेत, आणि ज्याचा उमेदवाराशी संबंध आहे त्यानं त्या चर्चेपुरतं बाहेर बसावं.

पडताळणीत सहसा फक्त वरिष्ठांना फोन होतात. ज्यांच्यासाठी काम झालं त्या लोकांपैकी किमान दोघांशी बोला, तेही उमेदवाराच्या संस्थेनं सुचवलेले नकोत. संस्थेच्या आतल्या छळाच्या आणि पैशांच्या तक्रारी तपासा. हे राहून गेलं की नंतर पुरस्कार मागे घ्यायची पाळी येते. आणि लढा सामूहिक असेल तर एकाच चेहऱ्याला हार घालू नका. १९९७चं शांततेचं नोबेल भूसुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स अशा दोघांना मिळून दिलं गेलं, ते याच कारणानं पटतं.

प्रश्न : शांततेच्या नोबेलसाठी मला एका कार्यकर्तीचं नाव सुचवता येईल का?

उत्तर : तुम्ही खासदार, मंत्री, इतिहास, कायदा, समाजशास्त्र अशा विषयांचे विद्यापीठातले प्राध्यापक, पूर्वीचे मानकरी वगैरे ठरलेल्या गटात बसत असाल तरच. मुदत ३१ जानेवारीची. सुचवलेली नावं समिती ५० वर्षं उघड करत नाही, त्यामुळे परिचयपत्रातलं ‘नोबेलसाठी नामांकित’ हे बिरूद फार मनावर घेऊ नये. ‘पर्यायी नोबेल’ म्हटल्या जाणाऱ्या राइट लाइव्हलीहुड पुरस्कारासाठी मात्र कुणीही नाव सुचवू शकतं.

प्रश्न : आमच्या मानकरी तुरुंगात आहेत. सोहळा पुढे ढकलावा का?

उत्तर : ते त्यांनी ठरवायचं, कुटुंब आणि वकील यांच्यामार्फत. ओस्लोत २०१०मध्ये शांततेच्या नोबेलच्या सोहळ्यात, तुरुंगात असलेले चिनी लेखक लिऊ शिआओबो यांच्या जागी रिकामी खुर्ची ठेवली होती. २०२३मध्ये त्याच सोहळ्यात, इराणच्या तुरुंगात असलेल्या कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदी यांच्या जुळ्या मुलांनी आईचं भाषण वाचून दाखवलं. तुरुंगातून आलेला मजकूर वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय वाचू नका. रक्कम सोहळ्यापर्यंत अडवून ठेवू नका. खटल्याचा खर्च आजच चालू असतो.

प्रश्न : मानपत्रात काय लिहावं?

उत्तर : दीडशे-दोनशे शब्द पुरेत. ‘समाजासाठी आयुष्य वेचलं’ हे कुणालाही लागू पडतं, म्हणून ते गाळा. काय मागितलं, कुणाकडे, किती वर्षं, आणि काय पदरात पडलं ते लिहा. ‘वेठबिगारीतून सुटलेल्यांना थकलेली मजुरी मिळवून दिली’ एवढं एक वाक्य पानभर विशेषणांना भारी पडतं. निकाल अजून लागला नसेल तर तेही स्पष्ट लिहा. छपाईच्या दोन आठवडे आधी मसुदा मानकऱ्यांकडे पाठवा, म्हणजे राहून गेलेल्या सहकाऱ्याचं नाव घालायला आणि नको असलेलं काढायला वेळ मिळतो.