गप्पी मासा: गपागप खाणारा की गप्प राहणारा?

प्रश्न असा आहे: पावसाळ्याआधी आरोग्य खात्याची माणसं येऊन हौदात, विहिरीत गप्पी मासे सोडतात. ते डासांच्या अळ्या गपागप गिळतात म्हणून त्यांना गप्पी म्हणतात, असं शाळेत सांगितलं होतं. घरी मोठी माणसं म्हणायची, की ते आवाज न करता गप्प फिरतात म्हणून गप्पी. यातलं खरं कोणतं? आणि लिहायचं कसं, गपी की गप्पी?

दोन्ही व्युत्पत्त्या कानाला गोड लागतात, पण दोन्ही नंतर जोडलेल्या आहेत. गप्पी हे एका माणसाचं आडनाव आहे.

रॉबर्ट जॉन लेचमिअर गपी १८३६ साली लंडनला जन्मले आणि आयुष्याचा मोठा काळ वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर राहिले. नोकरी शाळा तपासण्याची, ओढा मात्र भूविज्ञानाकडे आणि शंखशिंपल्यांच्या जीवाश्मांकडे. बेटावरच्या गोड्या पाण्यातले काही चिमुकले मासे त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथे आल्बर्ट ग्युंटर हे प्राणिशास्त्रज्ञ जगभरच्या माशांची सूची करत होते. तिच्या १८६६ च्या खंडात त्यांनी या माशाला नाव दिलं 'गिरार्डिनस गप्पिआय', म्हणजे गपींचा गिरार्डिनस. गंमत पाहा, 'गिरार्डिनस' हेही चार्ल्स गिरार्ड या प्राणिशास्त्रज्ञावरूनच आलेलं. म्हणजे नावाचे दोन्ही तुकडे माणसांचे.

आडनावाच्याही मागे जाता येतं. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात गपी नावाची एक जागा आहे, त्यावरून हे आडनाव पडलं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'गप्पा नावाच्या माणसाचं कुंपण घातलेलं आवार'. आपल्याकडे 'कर' लागून गावाचं आडनाव होतं, तसाच हा प्रकार.

आता शास्त्रीय नावाचं पाहू, कारण शब्दांची आवड असणाऱ्याला खरा मेवा तिथे आहे. ग्युंटरना उशीर झाला होता. बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ मध्येच व्हेनेझुएलाहून आलेल्या नमुन्यांवरून याच माशाचं 'पोएसिलिया रेटिक्युलाटा' असं नामकरण केलं होतं. मधल्या काळात, १८६१ साली, फिलिपो दे फिलिपी या इटालियन प्राणिशास्त्रज्ञांनी बार्बाडोस बेटावरचे नमुने पाहून तिसरंच नाव दिलं, 'लेबिस्टेस पोएसिलिऑइडिस'. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'पोएसिलियासारखा दिसणारा'. तो पोएसिलियासारखा दिसत होता, कारण तो पोएसिलियाच होता! पण मद्यार्काच्या बरणीत रंग उडालेले, नखाएवढे नमुने हाती असताना, आणि दुसऱ्या देशातल्या माणसाने काय छापलं ते महिनोन्महिने कळत नसताना, एकाच माशाला तीन नावं पडली यात नवल नाही. त्यातून नर आणि मादी इतके वेगळे: नर तीनेक सेंटीमीटरचा, अंगावर ठिपके आणि शेपटीला झालर, मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि मातकट रंगाची.

'रेटिक्युलाटा' म्हणजे जाळीदार. साध्या, खास पैदास न केलेल्या मादीला उजेडात काचेजवळ आणून पाहा. प्रत्येक खवल्याला बारीक गडद कड असते, आणि त्या कडा एकमेकींना भिडून अंगभर जाळं विणलेलं दिसतं. दुकानातल्या झगमगीत नरांकडे पाहून हे नाव कळत नाही. मादीकडे पाहिलं की लगेच कळतं.

प्राणिशास्त्राच्या नामकरणात सर्वसाधारण नियम असा, की आधी छापलेलं नाव टिकतं. त्यामुळे पीटर्सचं नाव राहिलं आणि 'गप्पिआय' बाद झालं. मात्र प्रजातीचा पत्ता, म्हणजे नावातला पहिला, वंशाचा शब्द, बराच काळ 'लेबिस्टेस' राहिला आणि जुन्या मत्स्यपालन-पुस्तकांत 'लेबिस्टेस रेटिक्युलाटस' असं लिहिलेलं सापडतं. 'टा' चा 'टस' का झाला? लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. पोएसिलिया स्त्रीलिंगी म्हणून रेटिक्युलाटा, लेबिस्टेस पुल्लिंगी म्हणून रेटिक्युलाटस. काळी मांजर, काळा बोका, अगदी तसंच. पुढे १९६३ मध्ये रोझेन आणि बेली या मत्स्यशास्त्रज्ञांनी या कुळाची फेरमांडणी केली, मासा पुन्हा पोएसिलियात आला आणि विशेषण पुन्हा स्त्रीलिंगी झालं. सोबत आणखी एक खूण बदलली. प्रजाती मूळ वंशातून हलवली असेल तर नाव देणाऱ्याचं नाव कंसात घालतात. मूळ वंशात परतली की कंस निघतो. म्हणून 'लेबिस्टेस रेटिक्युलाटस (पीटर्स, १८५९)', पण 'पोएसिलिया रेटिक्युलाटा पीटर्स, १८५९'. माशाचा सगळा प्रवास त्या एका कंसात वाचता येतो. मला हे फार आवडतं.

'गप्पिआय' सारखी माणसांच्या नावांची रूपं मात्र वंश बदलला तरी बदलत नाहीत, कारण ती विशेषणं नसून षष्ठी आहेत. आपल्या मराठी षष्ठीला हे जमत नाही: रामाचा, रामाची, रामाचे. लॅटिनची षष्ठी संस्कृतच्या 'रामस्य' सारखी, पुढे काहीही आलं तरी तशीच. याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे केरळच्या नद्यांतला, मत्स्यपेटीच्या हौशी लोकांत 'मिस केरला' म्हणून मिरवणारा मासा. नाकापासून निघालेली लाल रेघ आणि तिच्याखाली काळी. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञांनी १८६५ मध्ये मद्रासचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांच्यावरून त्याला 'लेबियो डेनिसोनिआय' म्हटलं. पुढे तो पुंटियस वंशात गेला. २०१३ साली चार भारतीय संशोधकांनी, त्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते, त्याच्यासाठी नवा वंश केला: 'सह्याद्रिया'. वंश बदलत गेले, डेनिसोनिआय एका अक्षरानेही हललं नाही. आणि आपल्या डोंगराचं नाव स्त्रीलिंगी प्रत्यय लावून लॅटिनच्या पंगतीत बसलं.

आता गपी की गप्पी? इंग्रजीत 'प' एकच उच्चारतात, दोनदा फक्त लिहितात. हॉबी, डमी, रमी हे शब्द आपण एकेरी व्यंजनानेच घेतले. पण जे शब्द पुस्तकातून न येता तोंडातोंडी रुळले, त्यांतल्या काहींत आखूड 'अ' नंतरचं व्यंजन दुहेरी झालं: बग्गी, मम्मी. गप्पी या दुसऱ्या गटातला आहे. शिवाय गप्प, गप्पा, गप्पीदास हे शब्द आधीपासून जिभेवर होते. त्यांनी नव्या शब्दाला आपल्यात ओढलं असणार, असं मला वाटतं. म्हणजे तुमच्या शाळेतली आणि घरची व्युत्पत्ती शब्दाचा उगम सांगत नसली, तरी तो इतका सहज का रुळला हे नक्की सांगते. तेव्हा माशासाठी 'गप्पी' च लिहावं. 'गपी' ठेवावं ते त्या गृहस्थांच्या आडनावासाठी.

वाक्यात चालवताना 'गप्पी' बदलत नाही: गप्पी मासा, गप्पी माशाला, गप्पी माशांची पैदास. 'हापूस आंब्याचा' म्हणताना हापूस जसा आहे तसा राहतो, त्याच चालीवर. हापूसही मुळात आफोन्सो या पोर्तुगीज माणसाचंच नाव.

शेवटचा एक खुलासा, कारण हा गोंधळ नेहमी होतो. डासांच्या अळ्यांसाठी सोडतात तो दुसरा मासा गंबुशिया. कुळ एकच, मासा वेगळा. त्याला गप्पी म्हणू नये. त्याचं नाव फेलिपे पोए या प्राणिशास्त्रज्ञांनी १८५४ मध्ये क्यूबातल्या 'गांबुसिनो' या बोलीशब्दावरून ठेवलं. तिथे गळ टाकून हाती काहीच लागलं नाही, तर 'गांबुसिनो पकडायला गेलो होतो' असं म्हणत.