पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) बेस गिटार प्रॅक्टिसला उठून ऐकू येतो, पण मिक्सरला लावला की दबतो. असं का?

प्रश्न: आमचा जळगावला ऑर्केस्ट्रा आहे. घरी माझा बॅटरीवाला बेस भारी वाटतो, पण प्रॅक्टिसला मित्राचा साधा पॅसिव्ह बेसच स्पष्ट ऐकू येतो. आता मीही तसाच घेतला, तर मिक्सरमधून पार दबलेला येतोय. काय चुकतंय?

उत्तर: भाऊ, बेस ठीक आहे, जॅक चुकीच्या भोकात गेलाय.

पॅसिव्ह बेसमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं (पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारा भाग), बहुतेक वेळा 250 किलोओहमचे पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) आणि टोनसाठी 0.047 मायक्रोफॅरडच्या आसपासचा एक कपॅसिटर, एवढंच असतं. त्याला पुढे साधारण 1 मेगाओहमचं, म्हणजे सिग्नलवर ओझं न टाकणारं इनपुट लागतं. मिक्सरचं लाइन इनपुट 10-20 किलोओहमचं. तिथे आवाजाची धार आणि जोर दोन्ही जातात. मग ट्रेबल कितीही फिरवा, नुसता सूंऽसूं आवाज वाढतो. चॅनलवर ‘हाय-झेड’चं (गिटारसाठी जास्त ओहमचं इनपुट करणारं) बटण असेल तर दाबा. नसेल तर मध्ये अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) टाका, नाहीतर सरळ बेसच्या अँपला लावा. बॅटरीवाल्या बेसला हा त्रास होत नाही, कारण त्याच्या आतला बॅटरीवरचा छोटा अँप (प्रीअँप) हे ओझं पेलतो.

दुसरी सवय सोडायची ती बेसचा व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवायची. अर्धवट फिरवलेला पॉट आणि 10 मीटरची केबल मिळून अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचं खाऊन टाकतात. व्हॉल्यूम पूर्ण उघडा, गेन (सिग्नल वाढवायचा नॉब) पुढे मिक्सरवर किंवा अँपवर कमी करा, केबल 3 मीटरची घ्या.

आता मित्राचा बेस का कळतो ते. जाड ई तार 41 हर्ट्झची; छोट्या स्पीकरमधून तो खोल भाग धड येतच नाही. कानाला सूर कळतो तो वरच्या स्वरांशांवरून, मुख्यतः 200 ते 800 हर्ट्झमध्ये. घरी एकट्यानं वाजवताना आपण बॅटरीवाल्याचा बास (खालचा जाड आवाज) आणि ट्रेबल (वरचा बारीक आवाज) चढवतो, मधलं पोकळ राहतं. प्रॅक्टिसला तोच बास ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताखाली गाडला जातो. पॅसिव्हचं मधलं जागेवर असतं, म्हणून तो उठून ऐकू येतो. (कीबोर्डवाल्याला डावा हात उचलायला सांगा, माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.)

टोनचा नॉब पूर्ण उघडून सुरुवात करा. सगळे वाजवत असताना हळूहळू मागे घ्या आणि बोटांची टकटक गेली की थांबा, बहुतेकदा 10 पैकी 6-7 वर. एकट्यानं ऐकून ठरवू नका. दोन पिकअपचा जॅझ प्रकारचा बेस असेल तर एक व्हॉल्यूम किंचित उतरवा. मधला भाग पुढे येतो, थोडा हम (विजेची घुंऽघुं) मात्र वाढतो. पत्र्याच्या शेडमध्ये 60 ते 100 हर्ट्झ चढवू नका, पत्रेच वाजायला लागतात.

तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर ते नेहमीचंच. हाताला झिणझिण्या आल्या, तर वाजवणं थांबवून आधी विजेच्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या.