चाळिशीनंतर टॉल्किन यांची ‘द हॉबिट’ ही इंग्रजी कादंबरी पहिल्यांदाच ऐकणार आहे; आधी पुस्तक वाचायला हवे का, आणि कोणते ध्वनिमुद्रण घ्यावे?

आधी वाचण्याची काहीही गरज नाही. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण याच प्रश्नावरून माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे गेली दोन वर्षे वाजते आहे.

माझ्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली, आत वायूचा बुडबुडा सोडला गेला आणि डॉक्टरांनी आठवडाभर पालथे पडून राहण्याची सक्ती केली. त्या दिवसांत पुतणीने रॉब इंग्लिस यांच्या आवाजातले साधारण ११ तासांचे ध्वनिमुद्रण माझ्या फोनवर उतरवून दिले. पुस्तक आमच्या घरात तीसेक वर्षे होतेच, पण ते दादाच्या कपाटात. शाळेत असताना मी मागितले, तेव्हा ‘तुला हे इंग्रजी झेपायचे नाही’ असे म्हणून त्याने कपाटाची किल्ली खिशात टाकली होती.

तीन ट्रोल, म्हणजे धिप्पाड राक्षस, बौनांना कसे शिजवावे यावरून भांडत असतात आणि जादूगार गँडाल्फ लपून त्यांच्याच आवाजात बोलत ते भांडण उजाडेपर्यंत पेटते ठेवतो, त्या प्रसंगात ट्रोलांइतकाच मीही फसलो. गोष्टीचा नायक बिल्बो आणि अंधाऱ्या गुहेत राहणारा गोलम यांच्या कोड्यांचे पाचवे प्रकरण तर डोळ्यावर पट्टी असतानाच ऐकावे. गोलम ज्याचे उत्तर ‘अंधार’ आहे ते कोडे घालतो, तेव्हा मी उशीत तोंड खुपसून अंधारातच पडलो होतो. पुढे ‘काळ’ हे उत्तर असलेल्या कोड्यापाशी बिल्बो अडतो, घाबरून अधिक वेळ मागू पाहतो, तोंडातून कसाबसा ‘वेळ, वेळ’ एवढाच शब्द फुटतो आणि इंग्रजीत तोच शब्द उत्तर ठरतो. मी एकटाच मोठ्याने हसलो आणि डोके हलवल्याबद्दल बायकोची बोलणी खाल्ली.

हे सारे उत्साहाने दादाला सांगितले, तर तो म्हणाला, ‘म्हणजे तू वाचले नाहीस, ऐकलेस.’ आमची आजी निरक्षर होती. चातुर्मासात शेजारच्या काकू वाचत आणि ती ऐकत असे. ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ यांतल्या कितीतरी ओव्या तिला तोंडपाठ होत्या, आणि आजीला पांडवप्रताप ठाऊक नाही असे म्हणण्याची दादाची कधी छाती झाली नाही. खुद्द टॉल्किन ही गोष्ट हिवाळ्याच्या संध्याकाळी आपल्या मुलांना वाचून दाखवत असत. ती १९३७ साली छापली गेली ती त्यानंतर. १९५२ मध्ये एका मित्राच्या घरी टेपरेकॉर्डर समोर आला, तेव्हा त्यांनी हेच कोड्यांचे प्रकरण स्वतः वाचून ध्वनिमुद्रित केले. लेखकाला जे चालले ते माझ्या भावाला चालत नाही.

शिवाय वाचणाऱ्यांची एक खोड असते, ती म्हणजे गाणी आली की पान उलटणे. बौने बिल्बोच्या बशा विसळताना जे गाणे म्हणतात, ते दादाने इतक्या वर्षांत एकदाही पुरते वाचलेले नाही. इंग्लिस ती गाणी खरोखर गातात, त्यामुळे मला ती चुकवता आली नाहीत. आणि ड्रॅगनचे नाव दादा तीस वर्षे ‘स्मॉग’ असे उच्चारतो, जणू तो दिल्लीच्या हवेविषयी बोलतो आहे. तो ‘स्माउग’ आहे. हे मला ऐकून कळले.

तरीही काही गोष्टी मान्य करायला हव्यात. बौने १३ आहेत आणि डोरी, नोरी, ओरी, ओइन, ग्लोइन अशी नावे कानाला एकसारखीच लागतात. पहिल्या दिवशी कोण कोणता याचा नाद सोडून द्यावा, त्यांचा म्होरक्या थोरिन आणि जाडा बोम्बुर एवढे दोघे लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले. पडल्यापडल्या ऐकताना झोप लागते; मर्कवुडच्या रानातले जाळी विणणारे राक्षसी कोळी मला तीनदा ऐकावे लागले. दीडपट वेगाने तर मुळीच ऐकू नये.

ध्वनिमुद्रणाचे म्हणाल, तर अँडी सर्किस यांचे २०२० सालचे वाचनही आहे. चित्रपटांतला गोलम त्यांनीच उभा केलेला असल्यामुळे पाचव्या प्रकरणासाठी अनेक जण तेच सुचवतील. मी त्याचा केवळ नमुना ऐकला आहे, तेव्हा निवाडा करत नाही. मला इंग्लिस यांचा आजोबांसारखा संथ आवाज पुरला.

मात्र ऐकणाऱ्याच्या हाती नकाशा येत नाही, आणि चांदण्यात उमटणाऱ्या अक्षरांचा तो नकाशा या गोष्टीत फार महत्त्वाचा आहे, तेव्हा छापील प्रत कोणाकडे असेल तर तेवढे पान समोर ठेवावे. मी ते दादाकडेच मागितले. त्याने पुस्तक दिले नाही. त्या पानाचा फोटो पाठवला, आणि खाली लिहिले, ‘हा स्मॉगचा डोंगर.’