‘बाळबोध’ हे कौतुक की ठपका?

प्रश्न असा : देवनागरीला आपण ‘बाळबोध लिपी’ म्हणतो, त्यात कमीपणा नाही. मग परीक्षणात ‘गोष्ट फारच बाळबोध आहे’ हा दोष कसा होतो? आणि मुलांच्या पुस्तकाला हा शब्द लावावा का?

मूळ अर्थ लहान मुलालाही बोध होईल असे, म्हणजे समजेल असे. लिपीचं हे नाव मोडीच्या शेजारी ठेवलं की नीट कळतं. मोडीत हात शक्यतो न उचलता अक्षरं सलग जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भावरूनच ठरवायचं. देवनागरीत तो खटाटोप नाही.

पुस्तकांच्या नावांतही हा शब्द मानानेच आला. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत निघाल्या, त्या ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने. वि. को. ओकांनी १८८१ मध्ये मुलांसाठी काढलेलं मासिकही ‘बालबोध’च. (‘बाल’ तत्सम, ‘बाळ’ मराठी, दोन्ही रूपं बरोबर, पण लिपी आणि वळण यांच्यासाठी ‘बाळबोध’ जास्त रुळलं आहे.)

घसरण ‘बाळबोध वळणाचं घर’ अशा प्रयोगांतून झालेली दिसते. साधं, जुन्या रीतीचं, सरळमार्गी. तिथून भाबडं फार लांब नाही. शिवाय ‘बोध’चा दुसरा अर्थ उपदेश. आज दोष म्हणून हा शब्द वापरताना तोही कानात असतो, असं मला वाटतं.

म्हणून मुलांच्या पुस्तकाबद्दल लिहिताना ‘सुबोध’ आणि ‘बाळबोध’ वेगळे ठेवावेत. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पावसात भिजणारा कावळा दार ठोठावतो, आणि आतून ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे’, मग ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे’. तीन वर्षांच्या मुलालाही यातला शब्दन्‌शब्द कळतो. पुढचं ‘थांब’ ते आधीच म्हणून टाकतं, आणि चिमणी चांगली की वाईट हे गोष्ट सांगत बसत नाही. पिढ्यानपिढ्या ती टिकली ती यामुळेच. ही गोष्ट सुबोध. तिच्या शेवटी कोणी ‘म्हणून मुलांनो, घर पक्कं बांधावं’ असं जोडलं, की ती बाळबोध झाली. वाक्यं छोटी आणि शब्द ओळखीचे, एवढ्याच कारणासाठी मात्र हा ठपका देऊ नये.