मध्ययुगीन लढाया हौसेने परत लढतात, तेव्हा तलवारी खऱ्या असतात का? लागत नाही?

पोलाद खरं, धार नाही. ग्रुनवाल्डच्या (पोलंड, 1410) लढाईचा प्रयोग दर जुलैत त्याच माळरानावर होतो. तिथल्या तलवारींच्या कडा बोथट आणि टोकं गोल केलेली असतात. अमेरिकेत 1966 साली बर्कलीत सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’मधल्या चिलखती लढतींत तर पोलादही नाही, वेताच्या तलवारी. वेत बांबूसारखा पोकळ नसतो, भरीव असतो. शाळेत छडी खाल्लेल्यांना जास्त सांगायला नको!

लागतं, पण बहुतेक वेळा मुका मार. कड्यांचं चिलखत धार अडवतं, दणका नाही. तो झेलतो आतला जाड गोधडीसारखा शिवलेला अंगरखा, म्हणून नवख्याने आधी तो शिवून घ्यावा, तलवार नंतर. चिलखताचं दहा-बारा किलो वजन खांद्यांवर येतं; कमरेला पट्टा आवळून वरचं थोडं चिलखत त्यावर ओढून घेतलं की निम्मा भार कमरेवर उतरतो. एवढ्या एका गोष्टीने दुपार निभते.

बाकी, या छंदात लढाई थोडी आणि गंज घासणं फार.