हिरवा माणूस किती सेकंद थांबतो?

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. रस्ता ओलांडताना सिग्नलवर हिरवा माणूस दिसला की निघतात. पण दुभाजक गाठायच्या आत तो लुकलुकायला लागतो आणि त्या घाबरून मागे वळतात. मुलगा १९ वर्षांचा, तो लाल असतानाच पार होतो. नियम पाळणारीचीच फजिती का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : लुकलुकणारा हिरवा म्हणजे 'परत फिरा' नव्हे. पदपथावर असाल तर उतरू नका, रस्त्यावर असाल तर पुढे चालत राहा, एवढाच त्याचा अर्थ. मागे वळणं सगळ्यात घातक, कारण वळणाऱ्या माणसाचा अंदाज गाडीवाल्याला येत नाही.

आता हिशेब पाहा. सिग्नलची वेळ बहुधा सेकंदाला १.२ मीटर ही चाल धरून काढतात. रस्ता १४ मीटरचा असेल, तर लुकलुक सुमारे १२ सेकंद. त्याआधी स्थिर हिरवा, समजा ७ सेकंद. एकूण १९. गुडघे दुखणाऱ्या आजींची चाल ०.८ मीटर धरली, तर नुसतं चालायलाच साडेसतरा सेकंद लागतात. शिवाय दिवा पाहून पदपथाच्या कडेवरून खाली उतरण्यात दोन-तीन सेकंद जातात. थोडक्यात हुकतं. आजी पाचव्या सेकंदाला निघाल्या, तर दिवा लाल होताना जवळजवळ तीन मीटर उरतात, म्हणजे एक अख्खी लेन.

म्हणून आधीच लागलेला हिरवा त्यांनी सोडून द्यावा. पुढच्या फेरीला घोळक्याच्या पुढच्या रांगेत उभं राहावं आणि दिवा लागताच निघावं. तरी अडकल्याच, तर दुभाजकावर थांबावं. मात्र झेब्र्यासाठी दुभाजक कापलेला असतो तिथे दुचाकीही वळतात, तेव्हा किंचित बाजूला.

आजींची चाल हा काही त्यांचा दोष नाही. अमेरिकेच्या नियमावलीत २००९ मध्ये ही चाल १.२ वरून सुमारे १.०७ मीटरवर आणली. सिंगापूरमध्ये त्याच वर्षापासून ज्येष्ठांनी खांबावर कार्ड टेकवलं की ३ ते १३ सेकंद जास्त मिळू लागले. आपल्याकडे २०२० मध्ये दादर परिसरातल्या दिव्यांत स्त्रीची आकृती आली. छान झालं; आता तिच्या सासूच्या चालीचे सेकंदही मिळू देत.

चिरंजीव दिवा बघतच नाहीत, गाड्यांमधली फट बघतात. पहिल्या लेनमध्ये बस थांबली की पलीकडून येणारी दुचाकी दिसत नाही, आणि फट फसते ती तिथेच. त्यात एक उतरला की मागचे आठ जण न बघता उतरतात. अर्थात, तीस-चाळीस सेकंदांपलीकडे ताटकळत ठेवणारा सिग्नलही माणसांना तेच शिकवतो.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची. हिरवा झाला रे झाला की धावतच सुटते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही शिकवलेलं ती तंतोतंत पाळतेय, तिथेच गोम आहे. लहान मुलं दिव्याला मानतात, गाडीकडे पाहत नाहीत. या वयात गाडी किती लांब आहे ते कळतं, पण ती किती वेगात येतेय ते नीट कळत नाही. उंचीही अशी, की मोठ्या गाडीच्या बॉनेटआड मूल झाकलं जातं. हिरवा माणूस लागला तरी डावीकडे वळणाऱ्या गाड्या कुठे थांबतात? हिरवा लागल्यावर मोठ्याने 'एक, दोन, तीन' म्हणायचं, उजवीकडे बघायचं, मग चालायचं. दुभाजकानंतर मान डावीकडे. धावायचं नाही, पडलं की सगळे सेकंद गेले. आणि बोट नको, मनगट धरा, बोट सुटतं.

प्रश्न : सिग्नलची वेळ वाढवून मिळते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वाहतूक शाखा आणि महापालिका, दोन्हीकडे अर्ज द्या. 'वेळ कमी पडते' एवढंच लिहू नका. टेपने रस्त्याची रुंदी मोजा. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर स्थिर हिरवा आणि लुकलुक वेगवेगळी मोजा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, कारण वेळा बदलतात. चौकाचं नाव आणि नेमकी कुठली बाजू, तेही लिहा.